३८ विरुद्ध १३

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की आमच्या वर्गातली हजेरी पटकन उरकायची.

मी नेकनूरची. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे निघालात की लागतं ते नेकनूर. आमच्याकडे दसरा झाला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. अख्खं बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी नगरकडे, कुणी थेट कर्नाटकात. सर वर्गात नाव पुकारायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगायचं, कारखान्याला गेली म्हणून. सर मान हलवून पुढचं नाव घ्यायचे. पाडव्याच्या आसपास ती पोरं परत यायची. काही यायचीच नाहीत.

इंटर्नशिप सुरू झाल्यावर मी पहिली बातमी यावरच लिहिली. शेकडो मुलं शाळेबाहेर, असं ठोकून दिलं. डेस्कवरच्या वरिष्ठांनी ती वाचली आणि दोनच गोष्टी विचारल्या. शेकडो म्हणजे किती? आणि हे मोजलं कुणी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी परत आली. खरं सांगते, मला भयंकर राग आला. जे मी डोळ्यांनी बघितलंय, त्याला अजून कसला पुरावा पाहिजे?

त्याच आठवड्यात मी गोपाळ कृष्ण गोखले वाचायला घेतले. हो, तेच. गांधीजींचे राजकीय गुरू, एवढ्या एका ओळीत जे स्पर्धा परीक्षेला येतात आणि पुण्यात ज्यांच्या नावाची संस्था, रस्ता असं काहीबाही आपण रोज बघतो. पण या माणसाने आपल्या देशात मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा मागितला होता, तोही १९११ साली, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. आणि तो मागण्याआधी पुराव्यावाचून तोंडघशी पडणं काय असतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी वाईट पद्धतीने भोगलं होतं.

पंधरातले आठ रुपये

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कोल्हापूरकडे कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९मध्ये ते वारले. गोपाळ तेव्हा १३ वर्षांचा. घरात कमावतं कुणी नाही. मग थोरल्या भावाने, गोविंदने, स्वतःचं शिक्षण सोडलं आणि नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. उरलेल्या ७ रुपयांत घर चालायचं.

इथे जरा थांबा. गोखल्यांच्या चरित्रात ही गोष्ट त्यागाची म्हणून येते, आणि ती आहेच. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे. एकाची शाळा सुटली म्हणून दुसऱ्याची टिकली. आमच्याकडे हे आजही चालतं. धाकटा आजीपाशी गावात राहून शिकतो, आणि थोरली बहीण कोपीवर जाते. आई-बाप फडात असताना तान्ह्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतंच ना. घरात दोन पोरं असली की कुणाची शाळा ठेवायची हे घरच्यांनाच ठरवावं लागतं. सरकार त्या निवडीत कुठेच नसतं.

गोपाळ मात्र शिकला. १८८४मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी बीए झाला. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाला, मग फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं. याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे भेटले. रानड्यांचं काम कडक. सरकारी अहवाल वाचायचे, जमाखर्चाचे तक्ते तपासायचे, एक आकडा दुसऱ्याशी ताडून बघायचा आणि मगच अर्ज लिहायचा. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक हेडमास्तर होते, आकडेवारीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोखले त्यांच्याकडूनही शिकले. आज आपण ज्याला पॉलिसी रिसर्च म्हणतो ना, ते हे लोक दिव्याच्या उजेडात, हाताने बेरजा मारून करत होते.

मागावी लागलेली माफी

१८९७. गोखले ३० वर्षांचे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली, कारण प्रत्येक वाक्यामागे आकडा होता. पण त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. रोगी शोधायला गोरे सोल्जर घराघरात शिरत होते. तिथे बायकांवर अत्याचार झाल्याचं सांगणारी पत्रं गोखल्यांना पुण्याहून आली. पत्रं लिहिणारी माणसं विश्वासातली होती. गोखल्यांनी ते आरोप इंग्लंडातल्या वर्तमानपत्रातून जाहीर मांडले.

झालं, गदारोळ उडाला. सरकारने पुरावा मागितला. गोखल्यांना तो देता येईना. ज्यांनी लिहिलं त्यांची नावं उघड करता येत नव्हती, आणि त्या नावांशिवाय आरोप उभा राहत नव्हता. मुंबईत परत आल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. मग दोन्हीकडून मार. इंग्रज म्हणाले खोटारडा, आपले म्हणाले भित्रा. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात तर हा माणूस व्यासपीठावर बोलायलाच नको, असं वातावरण होतं.

प्लेगच्या काळात पुण्यातल्या लोकांनी जे भोगलं ते काही खोटं नव्हतं. पण सहन करणाऱ्याचं दुःख आणि सरकारच्या टेबलावर टिकणारा पुरावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकापासून दुसऱ्यापर्यंत न्यायचं तर मध्ये कुणाला तरी कष्ट करावे लागतात. नावं, तारखा, संख्या, कागद. गोखले खचले होते, पण घरी बसले नाहीत. १८९९मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२पासून कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात. तिथली त्यांची बजेटवरची भाषणं गाजली. ती ऐकताना सरकारी सभासद कागद चाळत बसायचे, कारण या माणसाचा आकडा चुकीचा निघत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. १९०५मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, देशाच्या प्रश्नांचा अभ्यास करून पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसांसाठी.

१.९ आणि ८.६

मग त्यांनी मुलांचा प्रश्न हातात घेतला.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. ही मागणी करणारे गोखले पहिले नव्हते. १८८२मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं लेखी निवेदन दिलं होतं. शेतकऱ्याने भरलेल्या करातून वरच्यांची मुलं शिकतात आणि शेतकऱ्याची मुलं तशीच राहतात, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं होतं. पुढची जवळपास तीस वर्षं ते निवेदन पडून होतं.

मार्च १९१०मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव आणला, की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने पाऊल उचला. या मागणीमागे त्यांच्याकडे काय होतं? जगाचा तक्ता. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक प्राथमिक शाळेत आहेत, याचा. अमेरिकेत २१. इंग्लंडमध्ये १७ ते २०च्या दरम्यान. जपानमध्ये ११. सिलोनमध्ये ६.६. आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९.

सरकार यावर काय म्हणणार हे त्यांना पाठ होतं. इथली माणसं वेगळी, इथे असं चालत नाही, इथे पैसा नाही. म्हणून त्या तक्त्यात त्यांनी अजून एक आकडा ठेवला. बडोदा, ८.६. सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून बघितलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लावलं. माणसं इथलीच, गरिबी इथलीच, तरी आकडा चौपटीहून जास्त. वादात असा एक आकडा हाताशी असला की समोरच्याला इथे जमत नाही हे म्हणताच येत नाही.

सरकारने विचार करतो म्हटलं, आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षाअखेर केंद्रात शिक्षणाचं स्वतंत्र खातं सुरू झालं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १६ मार्च १९११ला त्यांनी थेट विधेयकच मांडलं.

ते विधेयक वाचताना मला आधी निराशाच झाली होती. फार जपून लिहिलेलं. सक्ती फक्त ६ ते १० वयाच्या मुलांना. तीही आधी मुलग्यांना, मुलींचा विचार पुढे. सगळीकडे एकदम नाही, तर जिथली म्युनिसिपालिटी किंवा लोकल बोर्ड तयार असेल आणि जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जात असतील तिथेच. तेही सरकारच्या परवानगीने. ज्या घराचं उत्पन्न महिना १० रुपयांच्या आत, त्या मुलाला फी नाही. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने उचलायचा, दोन तृतीयांश सरकारने. मैलभरात शाळाच नसेल तर आई-बापांवर सक्ती नाही.

मुलींना नंतर ठेवणं हे चुकलंच. फुल्यांच्या पुण्यात, सावित्रीबाईंनी मुलींची शाळा चालवल्याला साठ वर्षं होऊन गेल्यावर, हे पटत नाही. पण बाकीची प्रत्येक अट बघा. सरकारला नाही म्हणायला जागाच राहू नये म्हणून ती घातलेली आहे. विधेयक प्रांतांकडे, म्युनिसिपालिट्यांकडे, संस्थांकडे अभिप्रायाला गेलं. पाठिंब्यासाठी ठिकठिकाणी सभा झाल्या, पेपरांत रकानेच्या रकाने आले. वर्षभर गोखले याच्याच मागे होते, आणि त्यांची तब्येत तेव्हा मधुमेहाने पोखरलेली होती.

पोरं शाळेत गेली तर कामाला कोण?

मार्च १९१२मध्ये चर्चा झाली. पंडित मदनमोहन मालवीय बाजूने बोलले, बॅरिस्टर जिना बाजूने बोलले. विरोधात सरकारी अधिकारी होते, आणि त्यांच्या जोडीला आपलेच जमीनदार. सरकार म्हणे लोकांकडून मागणी नाही, प्रांतांची तयारी नाही, पैसा नाही. जमीनदारांच्या बाजूची भीती जास्त सरळ होती. गरिबांची पोरं शाळेत गेली, तर शेतात आणि घरात कामाला कोण?

ऊसतोडीचा हिशेब माहीत असलेल्याला ही भीती लगेच कळेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची. उचल जोडप्याच्या नावावर असते, पण मोळ्या वाहायला, वाढं गोळा करायला पोरं लागतातच. त्यांचं नाव कुठल्याच वहीत नसतं. १९१२मध्ये तो प्रश्न जमीनदार उघड विचारत होते. आज कुणी उघड विचारत नाही, एवढाच काय तो फरक.

विधेयक पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं, कारण त्या सभागृहात सरकारी सभासदांचंच बहुमत होतं. तरी ते एकेका आक्षेपाला उत्तर देत राहिले. १९ मार्च १९१२ला मतदान झालं. विधेयक नुसतं समितीकडे पाठवावं की नाही, एवढाच प्रश्न होता. बाजूने १३, विरोधात ३८.

इतका अभ्यास, इतके आकडे, तरी हरले. मला हा सगळ्यात अवघड भाग वाटतो, कारण पुरावा असला की झालं, असं मला तोपर्यंत वाटायला लागलं होतं. तसं नसतं. मत देणाऱ्या त्या ३८ जणांपैकी एकालाही शाळेबाहेरच्या पोराच्या बापाकडे मत मागायला जायचं नव्हतं. आकडा बरोबर असून भागत नाही, तो ऐकावा लागेल अशी माणसंही मागे उभी करावी लागतात.

हरल्यानंतर

आता पुढचं बघा. विधेयकाची चर्चा देशभर चालू असतानाच, डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात सरकारने लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर केले. १९१३च्या शैक्षणिक धोरणात सरकारने सक्ती नाकारली, पण प्राथमिक शाळा वाढवण्याची जबाबदारी मान्य केली. १९१७मध्ये कोल्हापुरात, जिथे गोखले भावाच्या ८ रुपयांवर शिकले होते, तिथे शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. तो मुख्यतः गोखल्यांच्याच विधेयकाच्या धर्तीवर होता, आणि या वेळी तो पास झाला.

गोखल्यांनी यातलं शेवटचं काही पाहिलं नाही. १९ फेब्रुवारी १९१५ला पुण्यात ते गेले. वय अवघं ४८.

पुढची यादी तुम्ही अभ्यासली असेल. १९५०च्या राज्यघटनेत कलम ४५, दहा वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचं. ते दहा वर्षांत झालं नाही. २००२मध्ये घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं आणि शिक्षण मूलभूत हक्क झाला. २००९मध्ये शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू. गोखल्यांच्या ठरावापासून मोजा. बरोबर शंभर वर्षं.

नेकनूर त्या नकाशात नव्हतं

हे सगळं वाचून मी भारावून गेले होते, तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. समजा १९१२मध्ये ते विधेयक पास झालं असतं, तरी नेकनूरला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आमच्या हद्दीपर्यंत येऊन थांबला असता. सप्टेंबर १९४८मध्ये मराठवाडा मुक्त झाला, त्यानंतर आमची गावं त्या वाटेवर आली. म्हणजे शंभर वर्षांच्या शर्यतीत आम्ही निघालोच उशिरा.

आता मात्र कायदा नेकनूरलाही लागू आहे. आणि त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत, ज्या तुम्ही नक्की वाचा, कलम ९मध्ये. एक, स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. दोन, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे बघायचं. म्हणजे माझ्या वरिष्ठांनी जे मला विचारलं होतं, ते मोजणं कायद्याने कुणाचं तरी काम आहे. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, एका गावातून दुसऱ्या गावी शाळा बदलताना द्यायचं शिक्षण हमी कार्ड, हे सगळं अशा मोजण्यातून आणि मागे लागण्यातूनच आलं. पोरं आई-बापांबरोबर जातात हे आधी कुणीतरी फडावर जाऊन लिहून आणलं, मग त्यासाठी योजना निघाल्या.

आणि मोजलं नाही तर काय होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१चा आकडा आहे. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींची लग्नं १८ वर्षांच्या आत झालेली. राज्याचा आकडा २१.९. दुप्पट. यातल्या मुली माझ्याच वयाच्या आहेत. हा आकडा वाचला तेव्हा मला दिवाळीनंतरच्या त्या हजेरीतली नावं आठवली. ज्या पाडव्यालाही परत आल्या नाहीत, त्या कुठे गेल्या हे आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही कॉलेजात आहात. एनएसएसचं शिबिर असतं, प्रोजेक्ट असतो, गुगलवरून उचलून दिलेला असतो. त्याऐवजी आपल्या गावचं एवढंच बघा, की दसऱ्याआधी पटावर किती मुलं होती आणि जानेवारीत वर्गात किती आहेत. तेवढ्या दोन रकान्यांचा कागद. ग्रामपंचायतीकडे नोंद आहे का, तेही विचारा. कुणी दाद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. मिळालेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. पहिल्याच ग्रामसभेत कुणी ऐकेल असं मी म्हणणार नाही. गोखल्यांचंही ऐकलं नव्हतं.

मी गेल्या सुट्टीत नेकनूरला गेले, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गातल्या सगळ्यांची नावं एका वहीत लिहून काढली. कोण कितवीपर्यंत शिकलं, कोण हंगामाला जातं, कुणाचं लग्न कधी झालं. काही नावांपुढचा रकाना अजून रिकामा आहे. ती माणसं सध्या फडावर आहेत, पाडव्याला परत येतील.

बातमी अजून छापून आलेली नाही. यादी पूर्ण झाली की डेस्कवर परत देणार आहे.